महापालिका शाळेला नवी इमारत: पटापासून ताब्यापर्यंत

चार वर्षं मी शाळा व्यवस्थापन समितीवर होते, त्यातली दोन अध्यक्ष म्हणून. शाळा महापालिकेची. कोणत्या महापालिकेची ते मुद्दाम सांगत नाही, कारण धाकटा अजून तिथेच सातवीत आहे आणि ज्या कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या तिथे अजून कामं पडतात. आम्ही सुरुवात केली तेव्हा तिसरीच्या एका तुकडीत अडुसष्ट मुलं बसत होती आणि पहिलीची एक तुकडी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत भरत होती. पावसाचा शिंतोडा आला की बाई मुलांना भिंतीकडे सरकवायच्या.

पहिलं दीड वर्ष आम्ही फुकट घालवलं. निवेदनं दिली, फोटो काढले, शंभर सह्या गोळा केल्या. मागणी एकच, "इमारत द्या." उत्तरही एकच, "निधी उपलब्ध नाही." मग लेखा विभागातल्या एका निवृत्तीला आलेल्या लिपिकाने चहाच्या टपरीवर सांगितलं, "ताई, निधी नाही हे उत्तर सगळ्यात सोपं असतं. जागा कुणाची, पट किती, खोल्या किती, हेड कुठलं, हे तुमच्या कागदात आहे का? नसेल तर आम्ही पैसे टाकायचे कुठे?"

हेड म्हणजे अर्थसंकल्पातलं लेखाशीर्ष, ज्या नावाखाली पैसे ठेवतात ते. तेव्हा कळलं की पैसे मागण्याआधी पैसे ठेवायला जागा तयार करावी लागते. ती कशी करायची ते खाली क्रमाने लिहिते. ठाणे, नवी मुंबई आणि पनवेलच्या महापालिका शाळांतल्या पालकांना याचा उपयोग व्हावा. खासगी संस्थेच्या शाळेचं प्रकरण वेगळं, ते इथे नाही.

१. आधी बघा, शाळा कोणाची आणि जमीन कोणाची

हसू नका. आमच्या समितीतल्या निम्म्या लोकांना हे माहीत नव्हतं. प्रत्येक शाळेला अकरा अंकी युडायस क्रमांक असतो (युडायस म्हणजे शाळांच्या माहितीची सरकारी नोंद). मुख्याध्यापकांकडून तो घ्या. त्या नोंदीत शाळेचं व्यवस्थापन कोणतं हे लिहिलेलं असतं.

पनवेलकरांनी इथे जास्त सावध राहावं. महापालिका २०१६ मध्ये झाली, पण हद्दीतल्या जिल्हा परिषद शाळांचं हस्तांतर वर्षानुवर्षं लांबलं. खारघर-तळोज्याकडे राहणाऱ्या माणसाला वाटायचं आपली शाळा महापालिकेची, आणि अर्ज जायला हवा असायचा अलिबागला, जिल्हा परिषदेकडे. शिवाय पनवेल रायगड जिल्ह्यात. ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिलेलं निवेदन तिथे काही कामाचं नाही.

जमिनीचं उत्तर ठाण्यात आणि नवी मुंबईत वेगवेगळं येतं. नवी मुंबईत बहुतेक भूखंड मुळात सिडकोचे, म्हणजे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचे, आणि भाडेपट्ट्याने दिलेले. ठाण्यात कुठे महापालिकेची मालकी, कुठे विकास योजनेतलं आरक्षण, कुठे जुन्या गावच्या शाळेची जागा जिचा सातबारा अजून तिसऱ्याच्या नावावर. मालमत्ता विभागात अर्ज करून शाळेच्या जागेचा कागद मागा. तो मिळेपर्यंत पुढचं सगळं हवेत.

२. पट कागदावर आणा

वर्गात मुलं किती बसतात आणि कागदावर किती आहेत, या दोन वेगळ्या संख्या. सरकार दुसरी मोजते. ३० सप्टेंबर हा युडायसचा संदर्भ दिवस. त्या दिवशीच्या पटावर पुढचं वर्षभर शिक्षकांच्या पदांचे, खोल्यांचे, अनुदानाचे हिशेब चालतात.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. बांधकामावर काम करणाऱ्या कुटुंबांची मुलं जूनमध्ये येत नाहीत. गावाकडची शेतीची कामं उरकून, गणपती करून, कधी दसऱ्यानंतर येतात. ती ३० सप्टेंबरच्या पटात धरलीच जात नव्हती. त्यात संच मान्यतेसाठी, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं हे ठरवताना, आधार पडताळणी झालेलीच मुलं मोजली जातात. आमच्या शाळेत आधारवर नाव एक आणि दाखल्यावर दुसरं अशी मुलं ढीगभर. कुणाचं आडनाव चुकलेलं, कुणाची जन्मतारीख. ती मुलं वर्गात होती, पोषण आहार खात होती, आणि कागदावर नव्हती.

म्हणून जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत हे एकच काम करा. वर्गशिक्षकांकडून आधार न जुळणाऱ्या मुलांची यादी घ्या, पालकांना फोन करा, दुरुस्तीसाठी केंद्रावर घेऊन जा. शिक्षकांवर सोडू नका, त्यांच्या डोक्यावर आधीच निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं असतात. आमच्या चार आयांनी मिळून दोन शनिवारी हे केलं. पुढच्या वर्षीचा कागदावरचा पट एकदम फुगल्यासारखा दिसला आणि केंद्रप्रमुखांनी विचारलं, मुलं आणली कुठून? मुलं तिथेच होती.

मागच्या पाच वर्षांचे ३० सप्टेंबरचे पट एका कागदावर, वर्गनिहाय मांडा. प्रवेश नाकारलेल्या मुलांची नोंदही ठेवा. खरं म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली महापालिकेच्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, म्हणून नाकारल्याचं कुणी लिहून देत नाही. "जागा नाही, शेजारच्या शाळेत बघा" असं तोंडी सांगतात. आम्ही फाटकापाशी एक वही ठेवली. तारीख, मुलाची इयत्ता, कुठल्या वस्तीतून आला. फक्त एवढंच. पुढे ती वही फार उपयोगी पडली.

लोकसंख्येचा मुद्दा निघाला की समोरचा माणूस २०११ ची जनगणना काढतो. तेव्हा ठाणे महापालिका क्षेत्रात १८.४१ लाख आणि नवी मुंबईत सुमारे ११.२ लाख लोक होते. घोडबंदर रोडला कासारवडवली-ओवळ्यापर्यंत, दिव्याला, घणसोलीच्या सेक्टरांमध्ये तेव्हा काय होतं आणि आज काय आहे हे तुम्हाला दिसतं, पण दिसणं पुराव्यात धरत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे जवळच्या अंगणवाड्यांची यादी. आज चार आणि पाच वर्षांची किती मुलं आहेत हे अंगणवाडीताईंच्या रजिस्टरमध्ये असतं. तीच मुलं पुढच्या दोन वर्षांत तुमच्या पहिलीत येणार. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ नुसार हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं ही महापालिकेचीच जबाबदारी आहे. ती नोंद मागा.

३. खोल्या मोजा, स्वतः, दारोदार जाऊन

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आमचं घोडं इथेच अडलं होतं.

युडायसच्या अर्जात शाळेत वर्गखोल्या किती, त्यातल्या सुस्थितीत किती, हे भरावं लागतं. आमच्या अर्जात वर्षानुवर्षं एकच आकडा उतरवला जात होता. त्यात संगणक कक्ष धरला होता, शिक्षकांची खोली धरली होती, आणि तांदळाची पोती ठेवायची खोलीसुद्धा. कागदावर आमच्याकडे खोल्या पुरून उरत होत्या. वर कुणाला पाझर फुटणार?

मुख्याध्यापकांना दोष देऊ नका. मागच्या वर्षीचा आकडा बदलला की स्पष्टीकरण मागतात, म्हणून कुणी बदलत नाही. समितीच्या बैठकीत ठराव करा, मुख्याध्यापक आणि दोन पालकांनी मिळून प्रत्यक्ष मोजणी करावी. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, मजला, वापर, गळती, खिडक्या लिहा. फोटो तारखेसह. मग त्या ठरावाच्या आधारावर आकडा दुरुस्त करायला लावा.

आता किती खोल्या हव्यात ते काढू. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली असं म्हटलं आहे. आणि शिक्षक किती? पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत २, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५, त्यापुढे एका शिक्षकामागे ४० पेक्षा जास्त मुलं नकोत. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक. समजा तुमच्याकडे पहिली ते पाचवीत ६०० आणि सहावी ते आठवीत ३०० मुलं आहेत. तर १५ आणि ९, म्हणजे २४ खोल्या. वर मुख्याध्यापकांचं कार्यालय, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकाची जागा, मैदान, कुंपण, आणि अपंग मुलांना अडथळा न येणारा रस्ता. हे सगळं त्याच परिशिष्टात आहे, म्हणून कुणी "चैनीच्या मागण्या" म्हणालं तर ते पान पुढे ठेवा.

यावर तुम्हाला ऐकवलं जाईल, "दोन अधिवेशनं चालवा ना." सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी. आपल्याकडे हे पिढ्यानपिढ्या चाललंय. पण ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचे ठरले. सकाळी सातला लहान मुलांना बोलावून बारापर्यंत वर्ग रिकामा करण्याचं गणित त्यामुळे बिघडलं. माध्यमांनी यावर मुलांच्या झोपेची चर्चा खूप केली, खोल्यांची कुणी केली नाही.

४. शाळा विकास आराखडा लिहा

आतापर्यंतचं सगळं ज्या कागदात जातं तो कागद हा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार शाळा व्यवस्थापन समितीने हा आराखडा करायचा असतो, आणि त्याच कलमात पुढे म्हटलंय की सरकार किंवा स्थानिक प्राधिकरणाने करायच्या नियोजनाचा आणि अनुदानाचा आधार हा आराखडा असेल. एवढं वजन असलेला कागद बहुतेक शाळांत मागच्या वर्षीच्या प्रतीवर तारीख बदलून तयार होतो.

तीन वर्षांचा करा. पुढच्या तीन वर्षांचा वर्गनिहाय अपेक्षित पट, लागणारे शिक्षक, लागणाऱ्या खोल्या, आणि वर्षनिहाय खर्च. चार-पाच पानं पुरतात. अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या सह्या हव्यात. आर्थिक वर्ष संपायच्या आत तो शिक्षण विभागाकडे द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. पोच नसेल तर आराखडा दिलाच नाही असं समजा.

समिती नावापुरती असेल तर ती आधी जागी करा. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, आणि महिन्याला बैठक. ठराव इतिवृत्तात नोंदला गेला पाहिजे. आमच्या पहिल्या तीन ठरावांची इतिवृत्तात एक ओळ नव्हती, कारण लिहिणाऱ्या बाई रजेवर होत्या. तेव्हापासून आम्ही बैठक संपायच्या आत सह्या घ्यायला लागलो.

या टप्प्यावर तुमच्या फायलीत एवढं असलं पाहिजे:

- युडायस प्रपत्राची मागच्या तीन वर्षांची प्रत
- पाच वर्षांचा ३० सप्टेंबरचा वर्गनिहाय पट
- खोल्यांची मोजणी, फोटो आणि समितीचा ठराव
- जागेचा कागद: भाडेपट्टा करार, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक
- विकास योजनेतला त्या जागेचा भाग-नकाशा
- इमारतीचा संरचनात्मक तपासणी अहवाल (सगळे स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात, तुम्हीही म्हणा)
- सह्यांचा शाळा विकास आराखडा
- अंगणवाड्यांची यादी आणि फाटकावरच्या वहीची प्रत

इमारत तीस वर्षांवरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच लागतं. नसेल तरी मागा. कारण "वर एक मजला चढवू" ही सूचना हमखास येते, आणि पाया तेवढा भार घेईल का हे अहवालाशिवाय कुणी सांगू शकत नाही.

५. जागेचा प्रश्न

तीन पर्याय असतात: आहे त्या इमारतीवर मजला, पाडून नवी, किंवा नवा भूखंड. मोह होतो चौथ्याचा, मैदानावर बांधायचा. करू नका. आज खोल्या मिळतील, आणि मैदान परत कधीच मिळणार नाही. आमच्या समितीत यावरून भांडण झालं होतं. मी एका मताने जिंकले आणि अजूनही काही पालक माझ्याशी नीट बोलत नाहीत.

नव्या भूखंडासाठी विकास योजनेत शाळेचं आरक्षण कुठे आहे ते बघा. नगररचना विभागात भाग-नकाशा मिळतो. आरक्षणाची जागा खासगी मालकाची असेल तर महापालिका ती मोबदला किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन घेऊ शकते. पण आरक्षण म्हणजे मालकी नव्हे. दहा वर्षांत संपादन झालं नाही तर प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ खाली मालक नोटीस देतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत महापालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. तुमच्या भागातल्या शाळेच्या आरक्षणावर अशी नोटीस आली आहे का, हे विचारून घ्या. हा प्रश्न विचारणारे पालक त्यांना सहसा भेटत नाहीत.

नवी मुंबईत महापालिकेने प्रारूप विकास योजना ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केली. शहर वसून पन्नास वर्षं होत आली आणि महापालिकेला तीस, तेव्हा. मधल्या काळात कुठला भूखंड सामाजिक सुविधेसाठी आणि कुठला विक्रीसाठी, यावर सिडको आणि महापालिकेत ओढाताण चालू राहिली. तुमच्या सेक्टरमध्ये "शाळेसाठी" म्हणून सगळे ओळखतात तो रिकामा भूखंड प्रत्यक्षात कुणाच्या नावावर आहे हे सिडकोकडून लेखी घ्या. प्रारूप योजनेवर हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत मिळते. अशी संधी आली की एकट्याने अर्ज न करता आसपासच्या सोसायट्यांकडून वेगवेगळे अर्ज करून घ्या.

भूखंड बघायला जाल तेव्हा वर मान करून उच्चदाबाच्या तारा बघा, खाली बघून कांदळवन. खाडीकाठी सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे निर्बंध, लागू असू शकतो. आम्हाला दाखवलेला पहिला भूखंड या दोन्हींमध्ये सापडलेला होता. दाखवणाऱ्यांना ते माहीत नसेल असं मला वाटत नाही.

६. पैसा कुठून येतो

महापालिकेचा स्वतःचा अर्थसंकल्प. मुख्य दार हेच. मालमत्ता कर, जीएसटीची भरपाई, विकास शुल्क यातून येणारा पैसा. प्राथमिक शिक्षणासाठी शाळा पुरवणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, तेव्हा इथे मागताना उपकार मागितल्यासारखं बोलू नका. मागायचं काय? शिक्षण विभागाचा प्रस्ताव, अभियांत्रिकी विभागाचं अंदाजपत्रक, आणि अर्थसंकल्पात तुमच्या शाळेच्या नावाने लेखाशीर्ष. "शाळा इमारती बांधकाम" अशा मोघम हेडखाली पैसे असतील तर ते ज्याची फाईल आधी तयार त्याला जातात.

सापळा: टोकन तरतूद. अर्थसंकल्पात शाळेचं नाव छापून आलं म्हणून आम्ही पेढे वाटले. आकडा बघितला तर एक लाख. याचा अर्थ हेड उघडलं, काम यंदा नाही. टोकन तरतूद वाईट नव्हे, पाय ठेवायला जागा मिळते. पण त्याच वर्षी पुनर्विनियोजनाने, म्हणजे दुसऱ्या हेडवरचे न वापरलेले पैसे वळवून, ती वाढवून घ्यावी लागते. डिसेंबर-जानेवारीत सुधारित अंदाज होतात तेव्हा पाठीमागे लागा.

समग्र शिक्षा. २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान आणि माध्यमिक शिक्षा अभियान एकत्र करून झालेली योजना. केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के. आपल्याकडे महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद चालवते. जादा वर्गखोल्या यातून मिळू शकतात, पण खोल्यांची तूट युडायसच्या आकड्यांवरून ठरते. आता कळलं ना, तांदळाच्या पोत्यांची खोली मी एवढी का धरून बसले? प्रस्ताव वार्षिक कार्ययोजनेत जावा लागतो, म्हणून नागरी साधन केंद्राशी (शहरातलं या योजनेचं कार्यालय) दिवाळीच्या आत बोला.

याच योजनेतून शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट २५० च्या वर असेल तर ७५ हजार, हजारच्या वर असेल तर एक लाख. ते खडू, दुरुस्ती, स्वच्छतेसाठी आहे. आमच्या एका सदस्याने ते "साठवून" इमारत बांधायचं सुचवलं होतं. मी हिशेब केला नाही, कारण नातवंडांचीही शाळा संपली असती.

खासदार, आमदार, नगरसेवक निधी. खासदार निधी वर्षाला ५ कोटी. ठाणे लोकसभा मतदारसंघात मीरा-भाईंदरपासून बेलापूरपर्यंत सहा विधानसभा मतदारसंघ येतात, तेव्हा तुमच्या वाट्याला पूर्ण इमारत येणार नाही हे धरून चाला. दोन-तीन खोल्या, स्वच्छतागृहांचा एक संच, कुंपण, असं नेमकं आणि वेगळं करता येईल असं काम मागा. शिफारसपत्र मिळालं म्हणजे काम झालं नाही. ते जिल्हाधिकारी कार्यालयात पोचून मंजूर व्हावं लागतं, आणि महापालिकेचं ना हरकत लागतं. नगरसेवकांच्या भरवशावर सगळं टाकू नका. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळात ज्यांच्याकडे कागद तयार होते ते थेट आयुक्तांकडे गेले.

जिल्हा नियोजन समिती. अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. महापालिका शाळेसाठी इथून पैसा मिळणं कठीण, पण आमदारांनी जोर लावला तर होतं.

कंपन्यांचा सीएसआर. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आणि वागळे इस्टेट दाराशी असल्यामुळे सगळ्यांना आधी हेच सुचतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. शिक्षण त्यात बसतं. माझा अनुभव असा की कंपन्या रंगरंगोटी, टॅब, डिजिटल फळा आनंदाने देतात आणि भिंती द्यायला कचरतात. कारण सरळ आहे. फळा मार्चच्या आत लागतो आणि त्याचा फोटो निघतो, इमारतीला दोन पावसाळे जातात.

तरीही रस्ता आहे. चालू प्रकल्प म्हणून घोषित केला तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं कंपनीला मिळतात. सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही, सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर चालते. महापालिका त्यात बसते. करार कंपनी आणि महापालिका यांच्यात होऊ द्या, पालक समितीने मध्ये पैसे घेऊ नयेत. मधे एखादी संस्था काम करणार असेल तर तिची सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरची कामं घेण्यासाठी लागणारी सरकारी नोंदणी) आहे का बघा. आणि करारात हे प्रश्न आधी सोडवा: पाटीवर नाव किती मोठं, वीजबिल कोणाचं, दहा वर्षांनी गच्ची गळली तर कोण. राज्याची दत्तक शाळा योजनाही २०२३ पासून आहे, त्यात देणगीदाराचं नाव शाळेला जोडायची सोय आहे.

लोकवर्गणी. बाकं, पंखे, पुस्तकं यासाठी ठीक. इमारतीसाठी पालकांकडून पैसे गोळा करू नका. प्रवेशाशी जोडून एक रुपया घेतला तरी तो कायद्याने गुन्हा ठरतो. शिवाय ज्या घरात महिन्याला दहा हजार येतात तिथल्या आईने पाचशे दिले आणि इमारत झाली नाही, तर तिच्यासमोर उभं राहायला तोंड राहत नाही. हे मी पाहिलंय.

७. वर्षाचं कॅलेंडर डोक्यात ठेवा

जुलै-ऑगस्ट पट आणि आधार. ३० सप्टेंबर युडायस. ऑक्टोबर-नोव्हेंबर प्रस्ताव आणि ढोबळ अंदाजपत्रक, कारण डिसेंबरपासून विभागांच्या मागण्या एकत्र होतात आणि फेब्रुवारीच्या आसपास आयुक्त अर्थसंकल्प मांडतात. जानेवारीत निवेदन घेऊन जाणारे पुढच्या वर्षाच्या रांगेत उभे असतात.

अंदाजपत्रकासाठी कनिष्ठ अभियंत्याला प्रत्यक्ष शाळेत आणा. ठाण्यात प्रभाग समितीच्या कार्यालयातून, नवी मुंबईत विभाग कार्यालयातून. पाचशे चौरस फुटांची एक खोली धरली तर व्हरांडा, जिना, स्वच्छतागृह मिळून बांधकाम जवळपास दीडपट धरतात, आणि दर राज्याच्या दरसूचीतून घेतात. वर्तमानपत्रात वाचलेला दुसऱ्या शाळेचा खर्च सांगू नका, लगेच खोडून काढतात.

त्यानंतर क्रम असा: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश (कंत्राटदाराला काम सुरू करायचा आदेश). कार्यादेशाआधी आचारसंहिता लागली तर नवं काम सुरू होत नाही. आणि मे अखेरीस कार्यादेश मिळाला तर पाया ऑक्टोबरपर्यंत खणला जाणार नाही, मग कंत्राटदार मुदतवाढ मागणार. लोकसभा, विधानसभा, महापालिका यांचं वेळापत्रक बघून उलट मोजा.

८. बांधकाम चालू असताना मुलं कुठे बसणार?

हे लिहिताना मला अजून राग येतो. आमची जुनी इमारत पाडायचं ठरलं तेव्हा मुलांना "तात्पुरतं" दोन किलोमीटरवरच्या शाळेत दुपारच्या अधिवेशनात पाठवलं. मधे मोठा रस्ता, पूल नाही. पहिल्या महिन्यात लहान मुलं गळाली. मग सातवी-आठवीच्या मुली, कारण शाळा सुटायची सहाला आणि हिवाळ्यात तेव्हा अंधार. काही शेजारच्या कमी फीच्या इंग्रजी शाळेत गेल्या, जिला मान्यता आहे की नाही हे आईवडिलांनी विचारलं नाही. काही घरीच बसल्या.

आणि मग ३० सप्टेंबर आला. पट एकतृतीयांश कमी. पुढच्या आढावा बैठकीत एका अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, "पट घटतोय, एवढे मजले कशाला?" आराखड्यातला एक मजला त्या दिवशी कापला गेला.

तुम्ही हे आधी लिहून घ्या. पाडण्याआधी पर्यायी जागेचा लेखी आदेश. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे राज्याच्या नियमांतलं अंतर तात्पुरत्या जागेलाही लागू करा असा ठराव करा. समाजमंदिर, बंद पडलेलं वाचनालय, सोसायटीचं सभागृह चालतं, पण दोन जिने, पाणी आणि स्वच्छतागृह बघूनच. २००४ मध्ये कुंभकोणमला शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या अग्निसुरक्षेबद्दल आदेश दिले. तात्पुरत्या जागेला अग्निशमन विभागाचं ना हरकत मागायला लाजू नका. जागा लांबच असेल तर महापालिकेची बस मागा, आणि तिचा खर्च अंदाजपत्रकातच घाला.

शक्य असेल तर अर्धी इमारत पाडून अर्धी चालू ठेवा. वेळ जास्त लागतो. पट टिकतो.

९. फाईल कुठे आहे

दर पंधरा दिवसांनी एकच प्रश्न: "फाईल कोणाच्या टेबलावर आहे आणि त्यांना काय हवंय?" शेरा काय आहे ते विचारा, तारीख वहीत लिहा. भांडू नका. टिपणी लिहिणारा लिपिक तुमच्या बाजूचा असेल तर महिने वाचतात.

उत्तर येईनासं झालं की माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, उत्तराला ३० दिवस. "इमारत का झाली नाही" असं विचारू नका, ते मत झालं. फाईल क्रमांक, त्यावरच्या टिपणीची प्रत, त्या हेडवरची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च मागा. उत्तर नाहीच आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील.

१०. ताबा घेताना

उद्घाटनाची घाई सगळ्यांना असते. नारळ फुटायच्या आत बघा: भोगवटा प्रमाणपत्र, अग्निशमन ना हरकत, वीज आणि पाण्याची कायमची जोडणी (बांधकामाची तात्पुरती नव्हे), उताराचा रस्ता चाकाच्या खुर्चीने चढून बघितला का, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का. आमच्याकडे तेवीस दारांपैकी नऊंना कडी नव्हती. एका आईने मोजली.

गच्चीवर पाणी साठवून दोन दिवस ठेवा आणि खालच्या मजल्याचं छत बघा. कंत्राटात दोषदायित्व कालावधी असतो, त्या काळात दिसलेली गळती कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. ती तारीख मुख्याध्यापकांच्या खोलीत मोठ्या अक्षरात लावा. पहिल्या पावसानंतर लगेच लेखी तक्रार, फोटोसह.

आणि नव्या खोल्या त्याच वर्षीच्या युडायसमध्ये भरल्या गेल्या का ते सप्टेंबरमध्ये जाऊन बघा. जुन्या पाडलेल्या वगळल्या का, तेही. आमच्याकडे पहिल्या वर्षी दोन्ही धरल्या होत्या.